चर्च आणि सार्वजनिक शाळा, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ख्रिस्ती धर्ममंडळ्यांनी आपल्या परिसरातील सार्वजनिक शाळांना वेळोवेळी दिलेले साहाय्य, त्याची ऐतिहासिक पार्श्वभूमी व त्यावरील घटनात्मक मर्यादा यांचा समावेश या विषयात होतो. सार्वजनिक शाळा म्हणजे करांच्या उत्पन्नातून चालणारी, बहुधा लोकनियुक्त शाळामंडळाच्या नियंत्रणाखालील आणि सर्व मुलांना विनाशुल्क खुली असलेली शाळा होय. (इंग्लंडमध्ये ‘पब्लिक स्कूल’ ही संज्ञा विशिष्ट खाजगी शाळांना लावली जाते, ती येथे अभिप्रेत नाही.) चर्चने स्वतः स्थापन केलेल्या व चालविलेल्या शाळा हा यापासून वेगळा विषय आहे. सार्वजनिक शाळेवर चर्चची मालकी नसते, तिच्यात चर्चला धर्मशिक्षण देता येत नाही आणि तिच्यातील मुले अनेक पंथांची, धर्मांची वा कोणताही धर्म न मानणारी असतात. अशा शाळेची सेवा चर्चने कोणत्या रीतीने करावी आणि त्या सेवेमुळे शासनाचे कर्तव्य शिथिल तर होत नाही ना, हे या विषयातील दोन मध्यवर्ती प्रश्न होत.

पार्श्वभूमी : वसाहतकालीन न्यू इंग्लंडमध्ये चर्च आणि शाळा यांत भेद नव्हता. मॅसॅचूसेट्स वसाहतीच्या १६४७ च्या कायद्याने पन्नास कुटुंबांच्या गावाने लेखन-वाचनासाठी शिक्षक नेमावा आणि शंभर कुटुंबांच्या गावाने व्याकरणशाळा काढावी, असे बंधन घातले. लोकांना बायबल वाचता यावे, हा या कायद्याचा स्पष्ट हेतू होता. संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीने (१७९१) केंद्रीय विधिमंडळास कोणताही धर्म प्रस्थापित करण्यास मनाई केली. परंतु ती त्या वेळी घटक राज्यांना लागू नव्हती. मॅसॅचूसेट्समधील चर्चचे राज्यमान्य स्थान १८३३ मध्ये संपुष्टात आले. त्यानंतर चारच वर्षांनी, म्हणजे १८३७ मध्ये, होरेस मॅन (१७९६–१८५९) हे त्या राज्याच्या शिक्षणमंडळाचे सचिव झाले आणि सर्वांसाठी असलेल्या ‘सामाईक शाळे’ची चळवळ त्यांनी उभारली. कोणत्याही एका पंथाची शिकवण न देता भाष्याविना बायबलचे वाचन व्हावे, असे त्यांचे धोरण होते.

वाचले जाणारे बायबल मात्र प्रॉटेस्टंटांचे असे. रोमन कॅथलिक स्थलांतरितांची संख्या वाढू लागल्यावर या प्रश्नाने उग्र रूप धारण केले. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात उसळलेल्या दंगलींत कॅथलिक चर्चे जाळण्यात आली. शाळांतील बायबलवाचनाचा वाद हे त्यांमागील एक कारण होते. न्यूयॉर्कमध्ये बिशप जॉन ह्यूझ (१७९७–१८६४) यांनी कॅथलिक शाळांसाठी सार्वजनिक निधीचा वाटा मागितला. तो त्यांना मिळाला नाही. अखेर १८८४ मध्ये बॉल्टिमोर येथे भरलेल्या कॅथलिक धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मग्रामात स्वतंत्र शाळा काढण्याचा आदेश दिला. अशा रीतीने प्रॉटेस्टंट चर्चने सार्वजनिक शाळा आपलीच मानली, तर कॅथलिक चर्चने तिला समांतर शाळाव्यवस्था उभारली. सार्वजनिक शाळेचे सर्वांत निःस्वार्थ साहाय्य मात्र या दोन्ही प्रवाहांबाहेर, कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये घडून आले.

कृष्णवर्णीयांचे चर्च व शाळा : गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामांना लिहा-वाचावयास शिकविणे हा गुन्हा होता. यादवी युद्धाच्या अखेरीस (१८६५) मुक्त झालेल्या लोकांसाठी निघालेल्या शाळांपैकी पुष्कळ चर्चच्या इमारतींतच भरत. कारण कृष्णवर्णीयांच्या सामाईक मालकीची बहुधा तेवढीच वास्तू असे. पुढे दक्षिणेत सार्वजनिक शाळा सुरू झाल्या, तरी वर्णभेदाच्या कायद्यांमुळे कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्यास मोडक्या इमारती, अपुरे शिक्षक आणि अल्प निधी एवढेच येई.

ही उणीव भरून काढण्याचा एक मोठा प्रयत्न बुकर टी. वॉशिंग्टन (१८५६–१९१५) आणि शिकागोचे ज्यू व्यापारी जूल्यस रोझनवॉल्ड (१८६२–१९३२) यांनी केला. १९१२ पासून १९३२ पर्यंत दक्षिणेतील १५ राज्यांत सु. ५,००० रोझनवॉल्ड शाळा बांधल्या गेल्या. निधीतून येणारी रक्कम खर्चाचा केवळ एक भाग असे. उर्वरित भाग स्थानिक शासनाने व गावकऱ्यांनी उभारावा, अशी अट होती. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी चर्चमधील वर्गणी, श्रमदान, लाकूड व जमीन या रूपांनी आपला वाटा दिला; तो एकंदरीत रोझनवॉल्ड निधीच्या वाट्याहून अधिक भरतो. पूर्ण झालेली शाळा सार्वजनिक शाळाधिकाऱ्यांच्या नावे करून द्यावी लागे. म्हणजेच, जे लोक कर भरतच होते, त्यांनीच दुसऱ्यांदा पैसा गोळा करून शाळा उभारली व ती शासनाच्या स्वाधीन केली. हे औदार्य होते, तसेच तो अन्यायाचा पुरावाही होता.

ही जाणीव झाल्यावर चर्चची भूमिका पालटली. साउथ कॅरोलायनातील क्लॅरेंडन परगण्यात गोऱ्या मुलांसाठी शाळेच्या बस होत्या. कृष्णवर्णीय मुलांना मैलोगणती चालावे लागे. आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे पाळक व शिक्षक जोसेफ डीलेन (१८९८–१९७४) यांनी १९४७ मध्ये पालकांच्या वतीने एका बसची मागणी पुढे केली. मागणी नाकारली गेल्यावर समान शिक्षणासाठी अर्ज व नंतर दावा दाखल झाला. या दाव्यापायी डीलेन यांचे घर १९५१ मध्ये व चर्च १९५५ मध्ये जळाले आणि त्यांना राज्य सोडावे लागले. तो दावा ‘ब्राऊन विरुद्ध शिक्षणमंडळ’ या संयुक्त खटल्यात समाविष्ट होऊन १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. ज्यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो, ते ऑलिव्हर ब्राऊनही कॅनझसमधील टोपीका येथील एका चर्चचे साहाय्यक पाळक होते.

व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड परगण्याने या निर्णयाचे पालन करण्याऐवजी १९५९ मध्ये सर्व सार्वजनिक शाळा बंद केल्या. त्या १९६४ पर्यंत बंद राहिल्या. सु. १,७०० कृष्णवर्णीय मुलांना शाळा उरली नाही. फार्मव्हिल येथील फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे पाळक एल. फ्रान्सिस ग्रिफिन यांच्या पुढाकाराने चर्चच्या तळघरांत शिकवणीची केंद्रे उघडण्यात आली आणि काही मुलांना शिक्षणासाठी बाहेरगावी पाठविण्यात आले. या केंद्रांना शाळा म्हणावयाचे मात्र कटाक्षाने टाळले गेले. ती शाळेची जागा घेत आहेत असे मानले गेल्यास सार्वजनिक शाळा पुन्हा उघडण्याची मागणी दुबळी होईल, अशी भीती होती. त्याच गावी गोऱ्यांच्या नव्या खाजगी शाळेचे वर्गही प्रारंभी गोऱ्यांच्या चर्चमध्येच भरत. एकाच धर्माच्या वास्तूंचा असा परस्परविरोधी उपयोग झाला, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात भरलेल्या ‘स्वातंत्र्यशाळां’पैकीही अनेक चर्चमध्ये होत्या. अशा ४० हून अधिक शाळांतून २,००० हून अधिक विद्यार्थ्यांनी शिक्षण घेतले.

घटनात्मक मर्यादा : न्यू जर्सीतील ‘एव्हरसन’ खटल्यात (१९४७) सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या दुरुस्तीतील धर्मस्थापनेचे निर्बंध घटक राज्यांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. त्यानंतरच्या निर्णयांनी चर्च व शाळा यांतील सीमारेषा क्रमाक्रमाने आखली. इलिनॉयमधील एका शाळेत भरणारे धर्मशिक्षणाचे वर्ग १९४८ मध्ये अवैध ठरले. मात्र पालकांच्या संमतीने मुलांना शाळेच्या वेळात मोकळीक देऊन शाळेबाहेर धर्मशिक्षण देण्याची न्यूयॉर्कमधील योजना १९५२ मध्ये वैध मानली गेली. शासनाने रचलेली प्रार्थना शाळेत म्हणविणे १९६२ मध्ये आणि शाळेने योजलेले भक्तिपर बायबलवाचन १९६३ मध्ये घटनाबाह्य ठरले. धर्माचा वा बायबलचा इतिहास व वाङ्मय या दृष्टीने वस्तुनिष्ठ अभ्यास करण्यास हरकत नाही, असेही १९६३ च्या निर्णयात म्हटले आहे.

पुढील काळात भर पडली ती समान वागणुकीच्या तत्त्वाची. १९८४ च्या समान प्रवेश कायद्याने माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांच्या धार्मिक मंडळांना इतर मंडळांसारखीच जागा मिळू लागली. बाहेरील व्यक्तींना मात्र अशा मंडळांचे संचालन करता येत नाही किंवा त्यांच्या सभांना नियमितपणे हजर राहता येत नाही. शाळा सुटल्यावर तिची जागा इतर संस्थांना दिली जात असेल, तर केवळ धार्मिक म्हणून एखाद्या संस्थेस ती नाकारता येत नाही, हे १९९३ व २००१ च्या निर्णयांनी ठरले. २०२२ मध्ये सामन्यानंतर मैदानावर प्रार्थना करणाऱ्या एका फुटबॉल-प्रशिक्षकाच्या बाजूने निकाल देताना न्यायालयाने १९७१ पासूनची ‘लेमन’ कसोटी सोडून दिली व इतिहास आणि परंपरा यांना प्राधान्य दिले. विद्यार्थ्यांवर धार्मिक बळजबरी करण्यास असलेली मनाई त्यानंतरही कायम आहे.

चर्चच्या सेवाकार्याच्या दृष्टीने १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेली एक मार्गदर्शिका महत्त्वाची आहे. अमेरिकन ज्यूइश काँग्रेस, ख्रिश्चन लीगल सोसायटी आणि फर्स्ट अमेंडमेंट सेंटर या भिन्न मतांच्या संस्थांनी ती एकत्रितपणे तयार केली. तिच्यातील मुख्य सूत्रे अशी : सहकार्याची संधी धार्मिक व धर्मनिरपेक्ष अशा सर्व संस्थांना सारखीच खुली असावी, विद्यार्थ्याचा सहभाग त्याच्या चर्चमधील उपस्थितीवर अवलंबून नसावा, सहभागी होण्या-न होण्याचा परिणाम त्याच्या गुणांवर वा शाळेतील स्थानावर होऊ नये, आणि शाळेच्या कार्यक्रमाच्या वेळी धर्मप्रसार करू नये.

सेवेचे प्रकार : या मर्यादेत चर्चकडून होणारे साहाय्य विविध स्वरूपाचे असते. (१) वस्तुरूप साहाय्य : वह्या, दप्तरे, थंडीचे कपडे व बूट पुरविणे, शाळेत सवलतीचे जेवण घेणाऱ्या मुलांना शनिवार-रविवारसाठी शिधा देणे. (२) जागेचे साहाय्य : शिकवणी, पालकसभा, वाद्यवृंदाचा सराव इत्यादींसाठी सभागृह देणे, आग, पूर किंवा वादळाच्या प्रसंगी वर्गांना तात्पुरता आसरा देणे. (३) मनुष्यबळ : वाचन व गणित यांत मागे पडलेल्या मुलांना स्वयंसेवकांनी शिकविणे, ग्रंथालयात व मैदानावर मदत करणे. (४) शिक्षकांचे साहाय्य : शिक्षक स्वतःच्या खिशातून करीत असलेला वर्गखर्च उचलणे, नव्याने आलेल्या शिक्षकांची सोय लावणे. (५) जनमत : शाळाकराच्या व कर्जरोख्यांच्या सार्वमतप्रसंगी, तसेच शाळामंडळाच्या सभांत, शाळेचे प्रश्न लोकांपुढे मांडणे. करसवलतपात्र संस्था म्हणून चर्चला उमेदवारांचा प्रचार करण्यास मात्र मनाई आहे.

यांपैकी शिकवणीचे काम चिकाटीचे असते. १९९५ मध्ये मिशिगन राज्यात सुरू झालेल्या ‘किड्स होप यूएसए’ या उपक्रमात एक चर्च एका प्राथमिक शाळेशी जोडले जाते आणि एक स्वयंसेवक एकाच मुलासाठी दर आठवड्यास एक तास देतो. या भेटी शाळेच्या आवारात होतात व त्या वेळी धर्माविषयी बोलणे वर्ज्य असते. ऑरेगनमधील पोर्टलंड शहरातील रूझवेल्ट हायस्कूल या गरीब वस्तीतील शाळेशी एका उपनगरी चर्चने २००८ पासून जोडलेले नातेही बरेच गाजले. एका दिवसाच्या साफसफाईपासून सुरू झालेले हे काम पुढे कपड्यांचे भांडार, शिकवणी व खेळांना साहाय्य असे वाढत गेले. एका दिवसाच्या समारंभी मदतीपेक्षा वर्षानुवर्षे टिकणारा संबंध मुलांना अधिक उपकारक ठरतो. अनेक प्रौढ व्यक्ती आयुष्यात येऊन निघून गेल्याचा अनुभव गरीब घरच्या मुलांना आधीच असतो. त्यात आणखी एका व्यक्तीची भर पडली, तर लाभापेक्षा हानी होण्याचा संभव अधिक. स्वयंसेवकांच्या पूर्वचारित्र्याची तपासणी करणे, मुलाची भेट इतरांच्या नजरेसमोर होईल असे पाहणे आणि कामाची निवड मुख्याध्यापकाच्या गरजेनुसार करणे, हे नियमही अनुभवातून दृढ झाले आहेत.

वित्तव्यवस्था व जनसंघटन : अमेरिकेतील सार्वजनिक शाळांचा मोठा आधार म्हणजे स्थानिक मालमत्ताकर. त्यामुळे श्रीमंत वस्तीतील शाळा संपन्न आणि गरीब वस्तीतील शाळा विपन्न, अशी स्थिती उद्‍भवते. चर्चची उपासनागृहे या करातून मुक्त असतात. ही सूट घटनेशी सुसंगत असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये दिला. म्हणून शाळेस साहाय्य करणे हा चर्चच्या दृष्टीने केवळ दानधर्म नसून नागरी ऋणाची अंशतः फेड आहे, असा युक्तिवाद केला जातो.

टेक्ससमधील सॅन अँटोनिओ शहरात हा प्रश्न स्पष्टपणे पुढे आला. तेथील एजवुड शाळा-जिल्ह्यातील मेक्सिकन वंशाच्या पालकांनी निधीच्या विषमतेविरुद्ध केलेला दावा सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला. पुढील वर्षी अर्नेस्टो कोर्तेस यांनी शहराच्या पश्चिम भागातील कॅथलिक धर्मग्रामांच्या आधारे ‘कॉप्स’ ही जनसंघटना उभारली. तिच्या कार्यकर्त्यांत धर्मग्रामांतील सर्वसामान्य स्त्रियांचा मोठा भरणा होता. रस्ते व सांडपाण्याच्या प्रश्नांपासून प्रारंभ करून ही संघटना व तिच्या भगिनीसंस्था शाळांच्या वित्तव्यवस्थेकडे वळल्या आणि १९८४ च्या राज्य शिक्षणसुधारणा कायद्यास त्यांनी पाठबळ दिले. १९८९ मध्ये टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याची शालेय वित्तव्यवस्था राज्यघटनेविरुद्ध ठरविली. फोर्ट वर्थमधील मॉर्निंगसाइड या माध्यमिक शाळेत याच परंपरेतील संघटनेचे पाळक, पालक व शिक्षक १९८० नंतरच्या दशकात घरोघर गेले व त्यांनी पालकांना शाळेच्या कामकाजात आणले. चाचण्यांच्या निकालांत तळाशी असलेली ही शाळा काही वर्षांतच वरच्या गटात गेली. बाहेरून वस्तू देण्यापेक्षा पालकांची शक्ती जागी करणे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

टीका व वाद : चर्चच्या साहाय्यावर तीन प्रकारचे आक्षेप घेतले जातात. पहिला, सेवा हे धर्मांतराचे साधन होण्याचा धोका. टेक्ससमधील ब्यूमाँट शाळा-जिल्ह्याने विद्यार्थ्यांना समुपदेशन करण्यासाठी केवळ धर्मोपदेशकांना निमंत्रित केले, तेव्हा पालकांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले व तो वाद अनेक वर्षे चालला. त्याच राज्याने २०२३ मध्ये शाळांत धर्मोपदेशक नेमण्यास मुभा देणारा कायदा केला. शंभराहून अधिक धर्मोपदेशकांनीच त्याला जाहीर विरोध दर्शविला आणि अनेक मोठ्या शाळा-जिल्ह्यांनी ही मुभा स्वीकारली नाही. दुसरा आक्षेप असा, की दानामुळे निधीची विषमता झाकली जाते. ज्या वस्तीत संपन्न चर्च नाही, तेथील शाळेस काहीच मिळत नाही आणि शासनावरील दडपण मात्र कमी होते. तिसरा आक्षेप अल्पसंख्य धर्मीयांचा आहे. प्रत्यक्ष धर्मप्रसार नसला, तरी एकाच धर्माचे स्वयंसेवक सतत दिसत राहिल्यास शाळा त्या धर्माची आहे, असा समज मुलांत रुजतो.

खाजगी शाळांच्या शुल्कासाठी सार्वजनिक निधी देण्याच्या योजनांमुळे हा विषय पुन्हा वादग्रस्त झाला आहे. पालकांच्या निवडीद्वारे असा निधी धार्मिक शाळांपर्यंत पोहोचण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये संमती दिली. ओक्लाहोमातील एका कॅथलिक संस्थेस सार्वजनिक सनदी शाळा चालवू देण्याचा प्रश्न मात्र मे २०२५ मध्ये चार विरुद्ध चार अशा समसमान मतांमुळे अनिर्णित राहिला आणि राज्य न्यायालयाचा प्रतिकूल निर्णय कायम झाला. खुद्द चर्चमध्ये याबाबत एकमत नाही. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या ‘पास्टर्स फॉर टेक्सस चिल्ड्रेन’ या पाळकांच्या संघटनेने अशा योजनांना सातत्याने विरोध केला. सार्वजनिक शाळा सर्व मुलांचा स्वीकार करते, म्हणून तिचे रक्षण करणे हे धर्मकर्तव्य आहे, अशी तिची भूमिका आहे. तथापि मे २०२५ मध्ये टेक्ससमध्ये अशा योजनेचा कायदा संमत झाला.

महाराष्ट्राशी संबंध : मॅसॅचूसेट्समधील बॉस्टन येथे मुख्यालय असलेल्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले. त्यांच्या मराठी मिशनने मुंबई व अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे शाळा काढल्या. मुलींच्या शाळांसाठी १८२७ मध्ये आलेल्या सिंथिया फरार यांच्या कार्याने जोतीराव फुले प्रभावित झाले होते. येथे मात्र मिशनने स्वतःच शाळा चालविल्या आणि १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर अशा शाळांना शासकीय अनुदानाचा मार्ग खुला झाला. अमेरिकेत ज्या काळी चर्चच्या शाळांना सार्वजनिक पैसा नाकारला जात होता, त्याच काळी भारतात अनुदानपद्धती रूढ झाली, हा दोन्ही देशांतील मूलभूत फरक होय. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ अन्वये संपूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेतही संमतीशिवाय कोणास धर्मशिक्षण घ्यावयास लावता येत नाही. त्यामुळे भारतात चर्चचे शैक्षणिक कार्य प्रामुख्याने स्वतःच्या संस्थांद्वारे प्रकट होते, तर अमेरिकेत परक्या शाळेच्या दारी सेवक म्हणून उभे राहण्याचा पर्यायही चर्चपुढे असतो. त्या पर्यायाचे मोल, मुलांकडून परतफेडीची अपेक्षा किती कमी ठेवली जाते आणि शासनाला त्याच्या कर्तव्याची आठवण किती निर्भयपणे करून दिली जाते, या दोन गोष्टींवर अवलंबून राहिले आहे.